नाव जुने, साधन नवे : यूनिक्स परंपरेतील कंपायलर व त्यांची मॅन्युअले

१

एखादे साधन वापरातून गेले म्हणजे त्याचे वर्णन करणारा ग्रंथही निरुपयोगी होतो, आणि तो तसा झाला आहे हे वाचकास सहज कळते. साधनच समोर नसल्यामुळे त्या ग्रंथावर विसंबून कोणी फसत नाही. परंतु जुन्याच्या जागी नवे साधन येऊन ते जुन्याचेच नाव धारण करते, तेव्हा स्थिती निराळी होते. ग्रंथाचे शीर्षक खरे राहते. आरंभीची काही विधानेही खरी राहतात. मात्र मधली अनेक विधाने कोणतीही खूण न ठेवता खोटी ठरतात. अशा ग्रंथाची दुरुस्ती करणे हे नवा ग्रंथ लिहिण्याहून कठीण काम असते. कारण येथे प्रत्येक वाक्य थांबवून त्याला विचारावे लागते की, तू कोणाविषयी बोलतोस, नावाविषयी की साधनाविषयी?

संगणकविद्येच्या इतिहासात या प्रकाराचे एक बोलके उदाहरण यूनिक्स परंपरेतील 'सीसी' या आज्ञेचे आहे. मनुष्याने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा रूपात आणण्याचे काम एकट्या कंपायलरकडून होत नाही. सी भाषेतील मजकुराचे रूपांतर कंपायलर करतो. असेंब्लर त्यापासून यंत्रसंकेतांचे तुकडे तयार करतो. लिंकर हे तुकडे व लायब्ररीमधील तयार भाग एकत्र जोडतो. त्यांच्या जोडीला तयार झालेल्या फाइली तपासणारी, त्यांतील अनावश्यक भाग काढून टाकणारी अशी लहान साधनेही असतात. या सर्वांच्या मालिकेस टूलचेन म्हणतात. 'सीसी' ही आज्ञा या मालिकेचा दरवाजा होय. १९७२ पासून आजपर्यंत या एका दरवाजामागे चार भिन्न कंपायलर उभे राहिले. प्रथम डेनिस रिची यांचा, नंतर स्टीफन जॉन्सन यांचा, त्यानंतर जीएनयू प्रकल्पाचा, आणि शेवटी क्लँग. दरवाजावरील पाटी मात्र बदलली नाही.

बखरीची एखादी प्रत हाती आली असता मूळ मजकूर कोणता व मागाहून घातलेला कोणता, याचा विवेक इतिहासाभ्यासकास करावा लागतो. या आज्ञेच्या मॅन्युअलासंबंधीही तीच दृष्टी ठेवावी लागते. साधनांतर झाल्यावर मॅन्युअलाची दुरुस्ती कोणी केली, कशी केली आणि कोठे राहून गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

२

यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची घडण बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ पासून सुरू झाली. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या मॅन्युअलावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. या मॅन्युअलाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान, आणि प्रत्येक पानावर ठरावीक मथळे : नाव, वापराची रीत, वर्णन, संबंधित फाइली, दोष इत्यादी. पानाच्या माथ्यावर तारीख, आणि तळाशी त्या साधनाच्या मालकाचे, म्हणजे त्याची जबाबदारी असणाऱ्या व्यक्तीचे, नाव. दोषांसाठी स्वतंत्र मथळा ठेवणे यात लेखकांचा प्रामाणिकपणा दिसतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत ती तारीख व मालकाचे नाव. कोणते विधान केव्हाचे व कोणाचे, हे त्या दोन नोंदींवरून सांगता येत असे.

मॅन्युअल मागे पडते ही जाणीवही पहिल्याच आवृत्तीत आढळते. उरलेली पाने लिहून होत असतानाच आधी लिहिलेली कित्येक पाने बदलावी लागली, अशी कबुली तिच्या प्रस्तावनेत दिलेली आहे. तथापि त्या काळी ही अडचण सोसण्याजोगी होती. साधन घडविणारा व पान लिहिणारा बहुधा एकच मनुष्य असे, अथवा ते दोघे एकाच संस्थेत काम करीत असत. साधन बदलले म्हणजे पान बदलावे लागते, हे त्यास कोणी सांगावे लागत नसे.

सी भाषेचा पहिला कंपायलर जून १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारास आला. १९७३ मध्ये यूनिक्सचा गाभाच सी भाषेत नव्याने लिहिण्यात आला. त्यामुळे कंपायलर हा अनेक साधनांपैकी एक न राहता सर्व प्रणालीचा पाया झाला. भाषाही या काळात बदलत होती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीसोबत असलेल्या सी भाषेच्या संदर्भपुस्तिकेत बेरीज करून किंमत साठविण्याचे चिन्ह '=+' असे होते; पुढे ते उलटून '+=' असे झाले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील कंपायलर जुने चिन्ह स्वीकारीत असे, पण ते जुने झाल्याची सूचनाही देत असे. जुन्या पुस्तिकेवर विसंबणाऱ्यास दुरुस्ती कळविण्याचे काम येथे साधनानेच केले. पुढील काळात अशी सोय फार थोड्या ठिकाणी आढळते.

पहिले साधनांतर याच सुमारास घडले. रिची यांचा कंपायलर पीडीपी-११ या यंत्राशी निगडित होता. निरनिराळ्या यंत्रांवर नेता येईल असा कंपायलर स्टीफन जॉन्सन यांनी तयार केला, व तो 'पीसीसी' या नावाने ओळखला जाऊ लागला. सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलात 'सीसी' व 'पीसीसी' ही दोन्ही नावे एकाच पानाच्या शीर्षकात दिली आहेत. दोन साधने, दोन नावे व एक पान अशी ही स्थिती होती, आणि ती वाचकास उघड दिसत होती. व्हॅक्स यंत्रावरील यूनिक्समध्ये, व तेथून बर्कलेच्या बीएसडी परंपरेत, जॉन्सन यांच्या कुळातील कंपायलरच 'सीसी' झाला. नाव व साधन यांची फारकत येथून सुरू झाली.

३

दुसरे साधनांतर कायद्याच्या कारणाने झाले. बर्कले येथील मंडळींनी यूनिक्समध्ये पुष्कळ भर घातली होती. परंतु मूळ मजकूर एटी अँड टी कंपनीच्या परवान्याखाली असल्यामुळे तो मुक्तपणे वाटता येत नव्हता. परवानामुक्त वितरण करावयाचे तर परवानामुक्त कंपायलर आवश्यक होता. तो जीएनयू प्रकल्पाने पुरविला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या या प्रकल्पाचा सी कंपायलर, म्हणजेच जीसीसी, १९८७ मध्ये प्रथम वितरित झाला. जून १९९१ मध्ये बर्कलेहून प्रसिद्ध झालेल्या 'नेट/२' या वितरणात त्याचा समावेश होता. १९९३ मध्ये सुरू झालेल्या फ्रीबीएसडी प्रकल्पास तो वारशानेच मिळाला.

या बदलाबरोबर दोन भिन्न ग्रंथपरंपरा एकाच घरात आल्या. यूनिक्सचे मॅन्युअल म्हणजे लहान, स्वयंपूर्ण पानांचा संग्रह. जीएनयूचे मॅन्युअल म्हणजे प्रकरणे, उपप्रकरणे व सूची असलेले मोठे पुस्तक. त्यासाठी टेक्सइन्फो ही स्वतंत्र पद्धत व ते पडद्यावर वाचण्यासाठी 'इन्फो' हे स्वतंत्र साधन होते. जीसीसीच्या कर्त्यांच्या दृष्टीने खरा ग्रंथ हे पुस्तक होते. यूनिक्सची सवय असलेल्या वाचकांसाठी एक पानही दिले जाई, पण ते मूळ पुस्तकातील उतारा आहे आणि नियमितपणे अद्ययावत ठेवले जात नाही, असा इशारा त्या पानावरच छापलेला असे. वाचक सवयीने पान उघडी, आणि पान त्यास पुस्तकाकडे धाडी. ज्यास पुस्तक उघडण्याची सवड नसे, तो शिळ्या पानावर भागवी.

या दोषावर २००१ च्या जीसीसी ३.० या आवृत्तीपासून एक उपाय योजण्यात आला. पान हाताने लिहिण्याचे बंद करून ते पुस्तकाच्या मूळ मजकुरातूनच यंत्राद्वारे तयार होऊ लागले. एका मजकुराच्या दोन हस्तलिखित प्रती ठेवल्या की पाठभेद होणारच. एकच मूळ ठेवून दुसरी प्रत त्यातून काढली की पाठभेद संपतो. हा उपाय योग्य होता. परंतु तो ज्या गृहीतकावर उभा होता ते असे की, पुस्तक लिहिणारा व साधन घडविणारा एकाच प्रकल्पात आहेत. त्या साधनाचा वापर करणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पाच्या ग्रंथांना या उपायाचा उपयोग नव्हता. फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या पुस्तकांत जीसीसीविषयी जे लिहिले होते, ते फ्रीबीएसडीच्याच स्वयंसेवकांनी सांभाळावयाचे होते.

४

तिसऱ्या साधनांतराचे कारणही परवान्यातच होते. जीएनयू परवान्याची तिसरी आवृत्ती २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झाली. जुन्या परवान्याखाली निघालेली जीसीसीची अखेरची आवृत्ती ४.२.१ ही होय. नव्या परवान्यातील अटी फ्रीबीएसडीच्या मूळ प्रणालीसाठी स्वीकारावयाच्या नाहीत अशी भूमिका घेतली गेल्यामुळे तेथील जीसीसी ४.२.१ वरच थांबला. बाहेरच्या जगात जीसीसी पुढे जात होता. फ्रीबीएसडीच्या घरातला मात्र गोठला होता. मॅन्युअलाच्या दृष्टीने ही काही वर्षे चमत्कारिक शांततेची होती. साधन बदलत नव्हते, म्हणून पानही खोटे होत नव्हते.

पर्याय दुसरीकडे तयार होत होता. इलिनॉय विद्यापीठात विक्रम अडवे यांच्या मार्गदर्शनाखाली ख्रिस लॅटनर यांनी २००० च्या अखेरीस एलएलव्हीएम या प्रकल्पास प्रारंभ केला. त्यावर आधारलेला क्लँग हा सी कुळातील भाषांचा कंपायलर ॲपल कंपनीने २००७ मध्ये मुक्त केला. जून २०१० मध्ये तो फ्रीबीएसडीच्या मूळ संग्रहात दाखल झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये विकासशाखेत, प्रचलित इंटेल कुळातील यंत्रांवर, 'सीसी' या नावाने क्लँग बसविला जाऊ लागला, आणि जानेवारी २०१४ च्या दहाव्या आवृत्तीबरोबर हा बदल सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला.

क्लँगच्या कर्त्यांनी जीसीसीशी जुळते घेण्याचे धोरण बुद्ध्याच ठेवले होते. त्याच्या बहुतेक पर्यायांची नावे तीच होती. एवढेच नव्हे, तर प्रोग्रॅमने कंपायलरची आवृत्ती विचारली असता क्लँग आपण जीसीसी ४.२.१ असल्याचे उत्तर देतो. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून केलेली ही योजना आहे. फ्रीबीएसडीने ज्या आवृत्तीवर मुक्काम केला होता, नेमकी तीच ही आवृत्ती. ज्याला हटविले त्याच्याच नावाने नवा कारभारी हजेरी देत होता.

या सुसंगततेचा लाभ निर्विवाद होता. तिच्यामुळेच हजारो प्रोग्रॅम नव्या कंपायलरखाली विनासायास चालू शकले. परंतु मॅन्युअलाच्या दुरुस्तीच्या दृष्टीने हीच सुसंगतता अडचणीची ठरली. कंपायलरविषयीच्या कोणत्याही ग्रंथात तीन प्रकारची वाक्ये असतात. पहिला प्रकार कराराचा : अमुक आज्ञा दिली की सी भाषेची फाइल घेऊन प्रोग्रॅम तयार होईल. ही वाक्ये नावाशी बांधलेली असतात, आणि साधन बदलले तरी खरी राहतात. दुसरा प्रकार स्वभावाचा : हे साधन अमुक प्रसंगी अमुक करते. ही वाक्ये विशिष्ट साधनाची असतात. तिसरा प्रकार कारणाचा : अमुक रीत पाळावी, कारण साधन अमुक तऱ्हेने चालते. साधनांतरानंतर पहिली वाक्ये तशीच ठेवावयाची, दुसरी बदलावयाची, आणि तिसऱ्यांचा पुनर्विचार करावयाचा, असे हे काम असते. व्यवहारात मात्र पहिल्या प्रकारची वाक्ये खरी ठरलेली पाहून उरलेल्यांवरही विश्वास बसतो.

दुसऱ्या प्रकारातील काही उदाहरणे पाहता येतील. जीसीसी एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन लिहू देतो. सी भाषेच्या मानकात ही सोय नाही, व क्लँगने ती स्वीकारली नाही. येथे वापरकर्त्यास स्पष्ट त्रुटिसंदेश मिळतो, म्हणून पुस्तक चुकले हे लगेच कळते. दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. जीसीसी ४.२.१ काही न सांगितल्यास १९८९ च्या मानकावर आधारलेले सी भाषेचे रूप गृहीत धरीत असे. त्या वेळचा क्लँग १९९९ च्या मानकावर आधारलेले रूप गृहीत धरी. 'इनलाइन' या शब्दाचा अर्थ या दोन रूपांत भिन्न आहे. पहिल्यात अशा फंक्शनची इतर फाइलींना वापरता येणारी प्रतही निर्माण होते. दुसऱ्यात नुसत्या त्या शब्दाने ती होत नाही. परिणामी जुन्या समजुतीने लिहिलेला मजकूर कंपायलरमधून निर्विघ्न पार पडे, आणि लिंकरच्या टप्प्यावर फंक्शन सापडत नाही म्हणून अडे. दोष एका साधनाचा व तक्रार दुसऱ्याची, अशा स्थितीत मॅन्युअलावाचून गत्यंतर नसते. आणि नेमक्या त्याच प्रसंगी मॅन्युअल जुन्या कंपायलरचे असे. तिसरे उदाहरण सर्वांत निरुपद्रवी दिसणारे आहे. वेग वाढविण्यासाठी जीसीसीला दिले जाणारे काही पर्याय क्लँग स्वीकारतो, फार तर एखादी सूचना देतो, पण त्यावर काहीच करीत नाही. पुस्तकात पर्यायाचे वर्णन असते, आज्ञाही अडत नाही, परिणाम मात्र शून्य.

५

कंपायलर बदलल्यानंतर टूलचेनमधील उरलेल्या साधनांची पाळी आली. असेंब्लर, लिंकर व इतर लहान साधने जीएनयूच्या बिनयूटिल्स या संचातील होती, आणि तोही संच परवान्याच्या त्याच कारणाने २.१७.५० या आवृत्तीवर थांबलेला होता. ऑक्टोबर २०१६ च्या अकराव्या आवृत्तीत फाइली तपासणाऱ्या बऱ्याच साधनांची जागा ईएलएफ टूलचेन या प्रकल्पाच्या साधनांनी घेतली. डिसेंबर २०१८ च्या बाराव्या आवृत्तीत ६४-बिट इंटेल कुळातील यंत्रांवर एलएलव्हीएमचा एलएलडी हा मुख्य लिंकर झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये जीसीसी ४.२.१ मूळ संग्रहातून काढून टाकण्यात आला, त्याच वर्षी बिनयूटिल्सचे उरलेले भागही गेले, आणि एप्रिल २०२१ ची तेरावी आवृत्ती या दोहोंवाचून प्रसिद्ध झाली.

तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांचे, म्हणजे कारणवाक्यांचे, भवितव्य पाहण्यास लिंकरचे उदाहरण उपयोगी आहे. सातव्या आवृत्तीच्या काळातील लिंकर लायब्ररी एकदाच, ज्या क्रमाने ती आज्ञेत आली त्या क्रमाने, चाळीत असे. म्हणून जो तुकडा लायब्ररीतील भाग मागतो तो आधी व लायब्ररी नंतर, असा क्रम पाळावा लागे. आणि लायब्ररीच्या आतील भागांचाही क्रम लावावा लागे. त्यासाठी 'एलऑर्डर' व 'टीसॉर्ट' ही दोन साधने होती. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे पहिले साधन सांगे. त्यावरून योग्य क्रम दुसरे लावी. पुढे लायब्ररीस अनुक्रमणिका जोडण्याची सोय झाल्यावर आतील क्रमाची आवश्यकता संपली, परंतु आज्ञेतील क्रमाचा नियम जीएनयूच्या लिंकरमध्येही राहिला, व पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या शिकविला गेला. एलएलडी मात्र एकदा पाहिलेल्या लायब्ररीत काय काय आहे हे स्मरणात ठेवतो, व मागाहून मागणी आली तरी ती पुरवितो. अर्थात त्याच्यापुरते या नियमाचे कारण उरलेले नाही.

मग मॅन्युअलातून नियम काढून टाकावा काय? येथे दुरुस्तीकाराची खरी कसोटी लागते. नियम काढला तर फ्रीबीएसडीवर लिहिलेला प्रोग्रॅम जीएनयू लिंकर असलेल्या दुसऱ्या प्रणालीवर अडण्याचा संभव आहे. नियम तसाच ठेवला तर पुस्तक आपल्याच साधनाविषयी असत्य सांगते. एलएलडीच्या कर्त्यांना हा पेच ठाऊक होता. जुन्या लिंकरला न चालणारा क्रम आढळल्यास इशारा द्यावा, असा पर्याय त्यांनी पुरविला आहे. योग्य वाक्य तेच, जे नियम सांगते आणि तो कोणाच्या सोयीसाठी पाळावयाचा हेही सांगते. जीएनयूच्या 'टीसॉर्ट'विषयीच्या प्रकरणात याचा चांगला नमुना आढळतो. प्रारंभीचा लिंकर लायब्ररी एकदाच चाळीत असे, म्हणून हे साधन जन्मास आले, असा खुलासा तेथे एका स्वतंत्र टिपणात केलेला आहे. कारण नाहीसे झाले तरी त्याची नोंद टिकली. त्यामुळे साधनाचा अर्थही टिकला.

असेंब्लरची कथा याहून वेगळी आहे. तेराव्या आवृत्तीत 'एएस' या नावाचे साधन उरले नाही. क्लँगच्या अंगीच असेंब्लर असल्यामुळे स्वतंत्र साधनाची गरज राहिली नव्हती, व ज्यास जुने साधन हवे त्याने ते बाहेरच्या संग्रहातून घ्यावे असे ठरले. पहिल्या मॅन्युअलापासून चालत आलेले नाव येथे वारसाविना गेले, आणि त्याचे पानही गेले. हे नुकसान मोठे वाटले, तरी वाचकाची फसवणूक यात सर्वांत कमी आहे. आज्ञा दिली असता साधन नाही असे उत्तर मिळते, आणि शोध सुरू होतो. वारसाने नाव चालविले असते तर कदाचित शोध सुरूच झाला नसता.

या सर्व काळात ग्रंथ वाचण्याची साधनेही बदलत होती, ही गोष्ट सहज नजरेआड होते. पाने छापण्यायोग्य करणाऱ्या ग्रॉफच्या जागी मॅनडॉक आला. टेक्सइन्फो व 'इन्फो' ही साधने २०१५ मध्ये फ्रीबीएसडीच्या मूळ संग्रहातून निघाली. जुना जीसीसी काही दुय्यम यंत्रकुळांसाठी २०२० पर्यंत संग्रहात होता. त्याचे मोठे पुस्तक वाचण्याचे साधन मात्र घरातून आधीच गेले होते.

६

या स्थित्यंतरात दुरुस्तीच्या ज्या पद्धती वापरल्या गेल्या, त्या तीन वर्गांत मांडता येतात.

पहिली पद्धत दिनांकित नोंदींची. फ्रीबीएसडीच्या मूळ संग्रहात 'अपडेटिंग' नावाची एक फाइल असते. वापरकर्त्यावर परिणाम करणारा प्रत्येक मोठा बदल तीत तारखेसह नोंदविला जातो. २०१२ च्या नोव्हेंबरमधील कंपायलरबदलही तीत नोंदलेला आहे. ही नोंद जुन्या ग्रंथास हात लावीत नाही. अमुक दिवसापासून अमुक गोष्ट निराळी झाली, एवढेच ती सांगते. पहिल्या यूनिक्स मॅन्युअलातील पानावरच्या तारखेचे कार्य येथे रोजनाम्याने केले आहे.

दुसरी पद्धत यंत्रनिर्मित पानांची. प्रणाली बांधताना कोणते भाग घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे, हे ठरविणाऱ्या पर्यायांचे पान हाताने लिहिले जात नाही. प्रत्येक पर्यायाच्या वर्णनाची एक लहान फाइल असते, आणि त्या फाइलींतून पान तयार होते. जुना जीसीसी बांधण्याचा पर्याय रद्द झाला तेव्हा त्याची फाइल गेली, व पान पुन्हा तयार करताच त्यातील वर्णनही गेले. याच्याच जोडीला कालबाह्य फाइलींची एक यादी ठेवली जाते. तिच्या आधारे वापरकर्त्याच्या यंत्रावर पडून राहिलेली जुनी पाने काढता येतात. साधन गेले आणि पान मागे राहिले, ही विसंगती टाळण्याचा हा मार्ग होय.

तिसरी पद्धत विवेचक गद्याच्या दुरुस्तीची, आणि तीच सर्वांत मंद ठरली. विकासकांसाठी असलेल्या फ्रीबीएसडीच्या हँडबुकात प्रोग्रॅमिंगच्या साधनांवर एक प्रकरण आहे. ते मुळात जीसीसी गृहीत धरून, नवशिक्यास हाताशी धरून नेणाऱ्या शैलीत लिहिले गेले. साधनांतरानंतर त्यात एक वाक्य घालण्यात आले : दहाव्या आवृत्तीपासून 'सीसी' या नावाने क्लँग बसविला जातो. वाक्य खरे व आवश्यक होते. पण त्याच्या मागचे व पुढचे विवेचन ज्या साधनास समोर ठेवून लिहिले होते, ते साधन नुसत्या या एका वाक्याने बदलत नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेप होय. हेतू चांगला असला तरी तो प्रक्षेपच. जाणत्या वाचकास त्याचा सांधा दिसतो, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचा काळ कळतो. नवशिक्यास तो दिसत नाही. ज्याच्यासाठी प्रकरण लिहिले, तोच येथे सर्वांत असहाय असतो.

या मंदपणाचा दोष स्वयंसेवकांच्या आळसावर टाकणे अन्यायाचे ठरेल. कंपायलर बदलणारा मनुष्य काम पुरे झाले की नाही हे यंत्राकडून तपासून घेऊ शकतो. प्रणाली बांधली गेली नाही तर चूक त्याच दिवशी उघड होते. गद्यातील चूक कोणतेही यंत्र दाखवीत नाही. ती दिसण्यासाठी जुने व नवे अशी दोन्ही साधने जाणणारा वाचक लागतो, आणि त्यास मूळ लेखकाचा हेतूही कळावा लागतो. पर्यायांची यादी नित्य खरी राहते व विवेचन शिळे होते, याचे कारण या फरकात आहे.

७

येथे दोन कर्तव्यांचा विरोध दिसून येतो. आजच्या वापरकर्त्यास मॅन्युअलात आजचेच साधन हवे असते. जुन्याचा प्रत्येक अवशेष त्यास अडथळा होतो. इतिहासाभ्यासकास तेच अवशेष पुरावा म्हणून हवे असतात. दुरुस्ती जितकी निर्दोष, तितका पुरावा कमी. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत लेखनिकांच्या चुकांनीच अनेकदा कालनिर्णयास मदत केली, हे अभ्यासकांस ठाऊक आहे.

तथापि हा विरोध अटळ नाही. बीएसडी परंपरेतील पानांवर 'इतिहास' असा एक मथळा असतो, आणि एखादी आज्ञा प्रथम कोणत्या आवृत्तीत आली ते तेथे दिलेले असते. आज्ञेच्या जन्माची नोंद करण्याची ही प्रथा उत्तम आहे. उणीव आहे ती साधनांतराच्या नोंदीची. आज्ञा कधी आली हे कळते, पण तिच्या मागचे साधन केव्हा व का बदलले हे त्या मथळ्याखाली क्वचितच आढळते. मूळ संग्रहातील प्रत्येक बदलाची साठवण होत असल्यामुळे पुरावा नष्ट झाला आहे असे म्हणता येत नाही. मात्र साठवणीत असलेले दफ्तर आणि वाचकाच्या हाती असलेले पान यांत पुष्कळ अंतर असते. ज्यास दफ्तर आहे हेच ठाऊक नाही, त्यास त्याचा उपयोग नाही.

चार कंपायलरांच्या या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, मॅन्युअल शिळे होण्याचा धोका साधने किती दूर गेली यावर अवलंबून नसून ती किती जवळ राहिली यावर अवलंबून असतो. 'एएस' हे नाव गेले, आणि कोणी फसले नाही. 'सीसी' हे नाव राहिले, आणि त्याच्या आडोशाने दुसऱ्याच साधनाविषयीची वाक्ये वर्षानुवर्षे खरी म्हणून वाचली गेली. म्हणून साधनांतरानंतरचे पहिले काम नवी पाने लिहिण्याचे नसते. जुन्या पानांतील कोणते वाक्य नावाचे, कोणते साधनाचे व कोणते केवळ एका काळच्या कारणाचे, हे वेगळे करण्याचे असते. नावाचे वाक्य ठेवावे, साधनाचे बदलावे, आणि कारणाचे वाक्य काढावयाचे झाल्यास ते केव्हा व का काढले याची एक ओळ तेथेच ठेवावी. १९७१ च्या मॅन्युअलाने प्रत्येक पानावर तारीख व मालकाचे नाव घातले होते. साधने घडविणारे व त्यांविषयी लिहिणारे आज एकमेकांपासून दूर गेलेले असताना, त्या दोन लहान नोंदींची गरज तेव्हापेक्षा अधिक आहे.